कापलेल्या टेपची दोन टोकं

माझी धाकटी बहीण विद्यापीठात गाणं शिकते, असं लोकांना वाटतं. सुरुवातीला मी दुरुस्त करत बसायचो. सांगायचो, अहो, ती गाऊ लागली तर शेजारी खिडक्या लावून घेतात. ती शिकते ते दुसऱ्याचं गाणं रेकॉर्ड कसं करायचं आणि झाल्यावर त्याची कागदपत्रं कशी करायची. सकाळी करार, दुपारी रेकॉर्डिंग. यावर समोरचा माणूस "अच्छा, अच्छा" म्हणायचा, आणि त्याला काडीचं कळलेलं नाही हे मला कळायचं. मग मी सोडून दिलं. मी वायरमन आहे. आमच्या धंद्यात शिकायचं म्हणजे एकदा शॉक खायचा आणि पुन्हा तिथे हात घालायचा नाही, बस्स.

तिचं कागदावरचं नाव वेगळं आहे. घरात ती खुटखुटी. हे नाव मी ठेवलं, आठ वर्षांचा असताना. ती पाळण्यात पडल्या पडल्या टाचा लाकडावर आपटायची, खुट खुट, खुट खुट, म्हणून. हे मी आल्यागेल्याला इतक्यांदा सांगितलंय की तिला ते तोंडपाठ झालंय. अजूनही घाबरली की तिची टाच खुर्चीच्या पायावर वाजायला लागते, आणि तिला पत्ताही नसतो.

आमची आई तिच्या जन्माच्या दिवशीच गेली. आई कोरसमध्ये गायची. साबणाच्या जाहिराती, मुलांची गाणी, मोठ्या गायिकेच्या मागे उभं राहून सूर धरणाऱ्या चौघींपैकी एक. तिचा आवाज कितीतरी टेपांत आहे आणि एकाही टेपेत ओळखू येत नाही. कामच ते होतं. चौघींचा मिळून एक आवाज व्हायला हवा. एक जरी वेगळी ऐकू आली तर थांबायचं आणि पुन्हा घ्यायचं. घरी तिचा आवाज टेप करून ठेवावा असं कोणाच्या डोक्यात आलं नाही. कशाला येईल? माणूस घरात असतं तेव्हा ते असतंच.

म्हणजे खुटखुटीने आईचा आवाज ऐकलाच नाही. लहानपणी रोज झोपताना विचारायची, "दादा, आई कशी बोलायची?" आम्हाला वाढवलं मावशीने, पण हा विषय निघाला की मावशी मिठाची गुळणी धरायची. बाबा कायम ट्रकवर. मग मीच करून दाखवायचो. नाक चोंदल्यासारखा बारीक आवाज काढायचो आणि म्हणायचो, "खुटखुटे, थांब की जरा. दादा आहे ना तुझा." एवढं ऐकलं की ती मुठी सोडायची आणि झोपायची.

ती थाप होती. मला आईचा आवाज आठवत नव्हता. तिचे हात आठवत होते, केसांना यायचा तो वास आठवत होता, चेहरा फोटोमुळे टिकला होता. आवाज मात्र वर्षभरात पुसला गेला. मी मनाने बनवलेली बाई तिला आई म्हणून ऐकवत होतो. एकदा सुरू केलं ते मोडायला जमलं नाही, आणि पुढे मोडायची हिंमतही राहिली नाही.

म्हणून तीन वर्षांपूर्वी औषधांच्या दुकानातली चांगली नोकरी सोडून ती विद्यापीठाचा फॉर्म घेऊन आली, तेव्हा मी डोक्यात राख घालून घेतली. पंचविशी जवळ आलेली मुलगी, आता पोरांच्या वर्गात बसणार? ती शांतपणे म्हणाली, "दादा, त्यांच्याकडे एका बंद पडलेल्या स्टुडिओतल्या टेपांचं कपाट आहे. चारशे टेपा आहेत. एखादीत तरी आई असेल."

मी नोकरीवरून भांडत राहिलो, पण खरी भीती ही होती. खरी आई सापडली तर खोटी उघडी पडणार होती.

पहिल्या वर्षी तिने घरात एक विचित्र उद्योग आरंभला. छोटा रेकॉर्डर टेबलावर ठेवायची आणि म्हणायची, "तीस सेकंद हलू नकोस. बोलू नकोस." मग आम्ही दोघं स्वयंपाकघरात पुतळ्यासारखे बसायचो. खोलीची शांतता रेकॉर्ड करायची म्हणे. प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते, आणि रेकॉर्डिंगमध्ये कुठे भोक पडलं तर त्याच खोलीची शांतता ठिगळ म्हणून लावावी लागते. मला हसू यायचं. पण एकदा तिने हेडफोन माझ्या डोक्यावर चढवला आणि आमच्याच रिकाम्या स्वयंपाकघराची शांतता ऐकवली. तिथे कोणीतरी बसलंय आणि श्वास धरून आपल्या जाण्याची वाट बघतंय, असं वाटलं मला. मी हेडफोन काढून तिच्या हातात दिला आणि पुन्हा त्या फंदात पडलो नाही.

सकाळचे तास घ्यायच्या त्या करारवाल्या बाई. त्यांचं एकच पालुपद असायचं: ऐकू येणाऱ्या प्रत्येक आवाजामागे एक सही हवी. मुख्य गायिका असो, कोरस असो, नाहीतर मध्येच खोकणारा तबलजी असो. माणूस हयात नसेल तर वारसांची सही. सही नसेल तर रेकॉर्डिंग बाहेर जाणार नाही आणि विद्यार्थी पास होणार नाही.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाने कपाटातली एक टेप घ्यायची, ती स्वच्छ करायची आणि तिच्यातल्या सगळ्यांच्या सह्या आणायच्या. खुटखुटीने दोन वर्षं मधल्या सुट्टीत एकेका डब्यातला हजेरीचा कागद वाचून काढला होता. चारशेपैकी एका कागदावर आईचं नाव निघालं. मुलांचं गाणं, सात होड्यांचं. कोरस चौघी. तारीख खुटखुटीच्या जन्माच्या दोन महिने आधीची.

गाणं तिने घरी आणून ऐकवलं. चौघींचा आवाज एकात एक मिसळलेला, दाताला न लागणाऱ्या खिरीसारखा. तिने पन्नासदा ऐकलं. "यातली कोणती, दादा?" मी म्हणालो, "कळत नाही गं." ते तरी खरं होतं. मला सुटल्यासारखं वाटलं, आणि तसं वाटलं याची लाजही वाटली.

पंधरा दिवसांनी विद्यापीठातून मला बोलावणं आलं. स्टुडिओत गुणगुण येत होती, अर्थिंगचा घोळ असावा, आणि खुटखुटीने सांगितलं होतं, माझा दादा बघेल. भर दुपारी गेलो. बाहेर लख्ख ऊन होतं. लांबलचक बोळ, मग एक जाड दार, मग हातभर जागा सोडून दुसरं जाड दार. आतल्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना, छताला, सगळीकडे करड्या स्पंजचे सुळके. मी टाळी वाजवली तर टाळी हातातच मेली. तिथे आपलं बोलणंसुद्धा तोंडातून बाहेर पडत नाही, ओठांवरच थांबतं.

तिथे टेपवाले सर बसलेले. जुन्या स्टुडिओतून मशीन आलं, त्याच्याबरोबर हेही आले, असं पोरं म्हणतात. वाळलेले, हळू बोलणारे, बोटांच्या टोकांना जुने काप. मी मेन स्विच पाडला. मिट्ट काळोख झाला. गुणगुण थांबायला हवी होती. थांबली नाही.

"सर, करंट बंद आहे," मी म्हणालो. "मग हे काय वाजतंय?"

"ते तुमचं रक्त," काळोखातून सर म्हणाले. "या खोलीत सगळ्यांना ऐकू येतं. सवय होते."

मी टॉर्च लावला.

अर्थिंगचा दोष साधाच निघाला, अर्ध्या तासात मिटला. लाइट आले तशी खुटखुटी म्हणाली, "दादा, निघू नकोस. एक ऐक. काय आहे ते मी सांगणार नाही." मोठ्या मशीनवर होड्यांच्या गाण्याची टेप चढवलेली होती. गाणं संपलं. शांतता. आणि त्या शांततेत, दोन खोल्या पलीकडे दार लोटून कोणीतरी बोलावं तसा, एका बाईचा आवाज. शब्द कळले नाहीत. जेमतेम दोन सेकंद. मग पुन्हा शांतता, आणि मग तेच गाणं दुसऱ्यांदा सुरू झालं.

मी सरांकडे वळलो. "हे काय आहे?"

सर म्हणाले, "टेप गुंडाळून ठेवतात ना, थरावर थर बसतो. वर्षानुवर्षं तशी पडून राहिली की एका थरावरचा आवाज शेजारच्या थरावर थोडासा उतरतो. मग खरा आवाज यायच्या दोन सेकंद आधी त्याची सावली ऐकू येते. जुन्या टेपांत हे नेहमीचंच आहे."

"पण नंतर खरा आवाज आलाच नाही," मी म्हणालो.

"तेच तर," खुटखुटी म्हणाली. "सावली आहे, माणूस नाही." तिची टाच खुर्चीच्या पायावर वाजत होती.

सरांनी मशीनवरची टेप हाताने हळू सरकवली आणि एका जागी नख ठेवलं. तिथे पांढऱ्या चिकटपट्टीचा जोड होता. "मी कापलंय," ते म्हणाले. "तेव्हाची पद्धतच ती होती. सगळं टेप करायचं, आणि पुढे टेप मागवली गेली की मधलं बोलणं ब्लेडने कापून टोपलीत टाकायचं. गाणं तेवढं ठेवायचं. ही टेप तीन वर्षं तशीच पडून होती, मग मी साफ केली. मधला तुकडा मोठा होता, पंधरा-वीस सेकंदांचा. टाकला."

"काय बोलत होती ती?" खुटखुटीने विचारलं. "आणि कोणाशी?"

"कोणाशी नाही गं. बाकीच्या तिघी चहाला गेल्या होत्या. तुझी आई दमली होती, तिला पायऱ्या नको होत्या. तिथल्या स्टुडिओच्या काचेतून मला दिसत होती. खोलीत एकटीच होती, खाली मान घालून बोलत होती. मला वाटलं, शब्द पाठ करतेय."

त्यानंतर आठवडाभर खुटखुटी त्या दोन सेकंदांच्या मागे जिवाचा कान करून लागली. कॉम्प्युटरला टेपेच्या खरखरीचा नमुना द्यावा लागतो, मग तो सगळीकडून तसली खरखर पुसतो. तिने नमुना नेमका त्या शांततेतून उचलला जिथे सावली होती. कॉम्प्युटरने आईलाच खरखर समजून सफाचट पुसून टाकलं. घरी येऊन ती ताटावर बसून रडली. म्हणाली, "मीसुद्धा तेच केलं, दादा. सरांनी कापलं, मी पुसलं." मूळ टेप शाबूत होती म्हणून निभावलं.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला. "ये," एवढंच म्हणाली.

गेलो तर सर आणि ती मशीनपाशीच बसलेले. तिने बटण दाबलं. खरखर बरीच कमी झाली होती. लांबून, पण स्वच्छ, एक जाडसर, दमलेला, माझ्या नाकातल्या आवाजाशी काडीचाही संबंध नसलेला आवाज म्हणाला, "खुटखुटे, थांब की जरा."

माझी पाचावर धारण बसली. मी जवळजवळ ओरडलोच. "हे तू बनवलंयस! तुमच्या त्या कॉम्प्युटरमध्ये काय वाट्टेल ते करता येतं!"

सरांनी मूळ टेप मशीनवर चढवली आणि आवाज मोठा केला. तीच खरखर, तीच बंद दारामागची बाई. आता शब्द माहीत असल्यामुळे लख्ख ऐकू येत होते. खुटखुटे, थांब की जरा.

पाळण्याच्या दोन महिने आधी. मी नाव ठेवायच्या दोन महिने आधी. खोलीत एकटी असलेली बाई.

"मूल पोटात लाथा मारत असेल," सर हळूच म्हणाले. "माझी बायकोसुद्धा बोलायची असं."

ते असेल. मी ते नाव आईच्या तोंडून कधीतरी ऐकलं असेल, आणि ती गेल्यावर स्वतःचं समजून उचललं असेल. आठ वर्षांच्या मुलाचं काय सांगावं. पण मला तसं काही आठवत नाही, आजही नाही. आठवतो तो पाळणा, आणि मीच शोधून काढलं म्हणून मावशीसमोर मिरवलेलो मी. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आणि तरी, धंद्याची खोड म्हणा, माझं लक्ष त्या पांढऱ्या चिकटपट्टीकडे गेलं आणि मी बोलून बसलो, "कापलेल्या वायरला टोकं दोन असतात. तुम्ही अलीकडचंच बघताय. जोडाच्या पलीकडे काय आहे?"

सरांनी माझ्याकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. सावली मागच्या थरावर पडते तशी पुढच्याही थरावर पडते. तुकड्याची सुरुवात अलीकडे उतरली असेल, तर शेवट पलीकडे उतरला असणार. तिथेही दुसऱ्यांदा गाणं सुरू व्हायच्या आधी थोडी शांतता होती. नव्वद वेळा ऐकून कोणाचं लक्ष गेलं नव्हतं.

काय ऐकू येणार ते मला कळलं होतं. ती आवाज वाढवत होती, आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, नको, दुसरं काहीही चालेल, ते नको.

"...दादा आहे ना तुझा."

खुटखुटीची टाच थांबली. त्या खोलीत कसलाच आवाज उरला नाही, ते रक्ताचं गुणगुणणं सोडून.

मी सरांच्या देखतच सांगून टाकलं. आणखी किती दिवस ताकास तूर लागू देणार नव्हतो? म्हणालो, "मला आईचा आवाज आठवत नव्हता. कधीच नाही. तुला जे ऐकवायचो ते मी बनवलं होतं. आवाजपण आणि शब्दपण."

"आवाज बनवला होतास ते मला माहीत होतं," ती म्हणाली. "तेवढं चोंदलेलं नाक कोणाच्या आईचं असतं? पण शब्द तू बनवले नव्हतेस, दादा."

मधे आई काय बोलली ते गेलं. सर टोपलीत टाकलेल्या त्या तुकड्याबद्दल तिची माफी मागायला लागले, तर हिनेच त्यांना पाणी आणून दिलं. दोन टोकं मिळाली. आपण दोन महिन्यांनी नसणार हे त्या बाईला कळलं होतं का, हा प्रश्न मी कोणाला विचारलेला नाही. खुटखुटीनेही नाही. काही वेळा आम्ही जेवताना एकदम गप्प होतो, तेव्हा दोघांच्या मनात तेच असतं.

करारवाल्या बाईंनी नेहमीप्रमाणे कागद पुढे केला. बोलण्यालाही सही लागते, सावली असली तरी. वारस दोन, सह्या दोन. 'सादर केलेला भाग' या रकान्यात खुटखुटीने आधी 'कोरस' लिहिलं, मग थोडं थांबून पुढे 'आणि बोलणं' असं लिहिलं. मी सही केली. माझी सही एरवी वीजबिलांच्या तक्रारींवर असते, तशीच भर्रकन आली, आणि मला जरा सावकाश करायला हवी होती असं वाटलं. तिने गाणं तसंच सादर केलं. सावल्या मोठ्या केल्या नाहीत, पुसल्याही नाहीत. ज्याला ऐकू येईल त्याला येईल.

हे सगळं इथे संपायला हरकत नव्हती. पण निकालानंतरच्या रविवारी, सकाळी साडेनऊला, मी भाजी परतत होतो आणि ती आत कपडे आवरत होती. तेल उडालं, आणि मी रोज मारतो तशी हाक मारली, "खुटखुटे, गॅस कमी कर गं येऊन!"

ती आली ती दारातच खिळली.

"काय झालं?"

"परत म्हण."

"काय? गॅस?"

"नाही. नुसतं नाव."

तिने रेकॉर्डर आणला. गॅस तिनेच बंद केला. मी म्हणालो, ती म्हणाली लाजू नकोस, रोजच्यासारखं म्हण, मी पुन्हा म्हणालो. मग तिने कॉम्प्युटर टेबलावर ठेवला, माझी हाक वर आणि आईची सावली खाली, अशा दोन रेघा एकाखाली एक मांडल्या. मला त्यातलं फार कळत नाही. पण पहिला 'खुट' आखूड, दुसऱ्यावर जोर, आणि शेवटचा 'टे' थोडा वर ओढून सोडून दिलेला, हे मलासुद्धा दिसलं. जिथे आईची रेघ चढली तिथे माझी चढली होती, आणि जिथे तिची थांबली तिथेच माझी.

आईचा आवाज काढून दाखवताना मी नाक दाबायचो, तेव्हा ते कधी आलं नव्हतं. रोज चहाला, जेवायला, भांडायला मारलेल्या हाकेत ते सत्तावीस वर्षं होतं, आणि ते मी तिथे ठेवलेलं नव्हतं.

खुटखुटी टेबलाशी बसून होती. टाच वाजत नव्हती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, तर तिने वर बघितलं नाही, डोळे मिटून घेतले.

"अजून एकदा," ती म्हणाली.

मला भीती वाटत होती. तोंड उघडल्यावर कोण बोलेल याची. तरी मी हाक मारली.